कोकणातले उन्हाळे (गरम पाण्याचे झरे), त्यांतले बुडबुडे आणि गंधकाचा वास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरम पाण्याच्या कुंडांवर थर्मामीटर आणि बाटल्या घेऊन बसलं की माणसं थांबतात आणि विचारतात. कुंडावर राहणारे विचारतात, मुंबईहून गावी आलेले विचारतात, शाळेची मुलं तर विचारतातच. ज्या प्रश्नांची उत्तरं मला पुन्हा पुन्हा द्यावी लागली, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा भाग दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे : ही नावं इतकी सारखी कशी?

तिन्ही नावांत ‘ऊन’ आहे, म्हणजे गरम. आजही घरात ‘अंघोळीला ऊन पाणी काढलंय’ असं म्हणतात, तेच हे ऊन. दापोली तालुक्यातलं उन्हवरे, सुधागडात पालीजवळचं उन्हेरे आणि राजापूरजवळचं उन्हाळे या तिन्ही गावांना त्यांच्या पाण्याने नाव दिलं. नकाशावर असं नाव दिसलं की जवळपास गरम झरा आहे का, हे आधी विचारावं.

२. पाणी गरम कशाने होतं? खाली ज्वालामुखी आहे का?

नाही. सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, लाव्हारसाचाच आहे, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्ह्याचा एखादा जाड थर काही दशकांत थंड होतो, त्यामुळे त्या वेळची उष्णता आज उरलेली नाही.

उष्णता येते ती खोलीमुळे. जमिनीत खाली जावं तसं तापमान वाढत जातं, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश, आणि पश्चिम किनारपट्टीवर काही ठिकाणी त्याहून जास्त. या उष्णतेचा मोठा वाटा बेसाल्टखालच्या ग्रॅनाइटसारख्या खडकांतून येतो. त्यांत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम अत्यल्प प्रमाणात असतं, आणि त्यांच्या किरणोत्सर्गी क्षयातून अखंड ऊब निघत राहते.

सह्याद्रीच्या अंगावर पडलेला पाऊस बहुतेक पऱ्ह्या-वहाळांतून समुद्राला मिळतो. थोडा भेगांतून आत शिरतो, एक-दोन किलोमीटर किंवा त्याहून खोल जातो आणि तापतो. डोंगरातल्या पाण्याचा दाब मागून रेटत असतो, म्हणून एखादी उभी भेग सापडली की तापलेलं पाणी वर चढतं. ते बहुधा सखल जागी, नदीपात्रात किंवा त्याच्या काठावर बाहेर पडतं. पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण तपासलं की हे पाणी मुळात पावसाचंच असल्याचं दिसतं.

३. मग सगळी कुंडं एका ओळीत कशी?

पालघरमधल्या कोकनेर-सातिवलीपासून तानसा नदीकाठच्या अकलोली-वज्रेश्वरी-गणेशपुरीवरून, पाली आणि महाडजवळच्या सव गावामार्गे, संगमेश्वर तालुक्यातल्या आरवली-तुरळ-राजवाडीपर्यंत आणि पुढे राजापूरपर्यंत बोट फिरवलं, तर सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधून जाणारी जवळजवळ ३०० किलोमीटरची दक्षिणोत्तर रेघ उमटते. किनाऱ्याला समांतर जाणारे मोठे भ्रंश (खडक सरकून पडलेल्या चिरा) आणि भेगा याच पट्ट्यात आहेत. खोलवरच्या पाण्याला वर यायला वाट मिळते ती इथेच.

४. कुंडाच्या तळातून बुडबुडे येतात. पाणी उकळतंय का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि माझ्या मते कुंडाजवळ पाहण्यासारखी सगळ्यांत मोलाची गोष्टही तीच आहे. पाणी उकळत नाही. कोकणातलं सगळ्यांत गरम पाणी उन्हवऱ्याचं, सुमारे ७० अंश सेल्सिअस. बाकीची बहुतेक कुंडं ४० ते ६० अंशांच्या आसपास. समुद्रसपाटीच्या जवळ पाणी उकळायला १०० अंश लागतात.

ते बुडबुडे मुख्यतः नायट्रोजनचे असतात. त्यांच्यासोबत थोडा आर्गॉन आणि किंचित हेलियम येतो. पावसाचं पाणी जमिनीत शिरतं तेव्हा हवाही विरघळलेल्या रूपात सोबत घेऊन जातं. वाटेत बेसाल्टमधलं लोह आणि खनिजांतला गंधक त्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. नायट्रोजन आणि आर्गॉन सहसा कशाशी संयोग पावत नाहीत, म्हणून ते तसेच राहतात. पाणी वर येताना दाब कमी होतो आणि सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर व्हावं तसं विरघळलेले वायू सुटे होतात. तुमच्या पायाला गुदगुल्या करणारा बुडबुडा म्हणजे ऑक्सिजन गमावलेली, फार पूर्वीच्या एखाद्या पावसाळ्यातली हवा.

याची पारखही करता येते. हवेत नायट्रोजन आर्गॉनच्या सुमारे ८४ पट असतो. पण पाण्यात आर्गॉन जास्त विरघळतो, त्यामुळे पाण्यात मुरलेल्या हवेत हे प्रमाण सुमारे ३८ पटींवर येतं. बुडबुड्यांतलं प्रमाण ३८ च्या जवळ असेल तर वायू पाण्यात विरघळून खाली गेला होता. ८४ च्या जवळ असेल तर बाहेरची हवा मिसळली. त्याहूनही जास्त असेल तर नायट्रोजनचा आणखी एखादा स्रोत शोधावा लागतो.

नमुना घेण्याची रीत सोपी आहे, पण घाई चालत नाही. बाटली कुंडाच्याच पाण्याने काठोकाठ भरायची, पाण्याखाली उलटी धरायची आणि तोंडाशी फनेल लावून बुडबुडे आत घ्यायचे. वायू वर साठतो, पाणी खाली सरकतं. बूच पाण्याखालीच लावायचं. तुरळला मी घेतलेल्या पहिल्या नमुन्यात भरपूर ऑक्सिजन निघाला. बूच लावताना बाटलीचं तोंड क्षणभर पाण्याबाहेर आलं होतं, तेवढ्यात हवा शिरली होती. पुन्हा जाऊन नव्याने नमुना घ्यावा लागला.

५. हेलियम? म्हणजे विजयदुर्गाचा तो हेलियम?

मूलद्रव्य तेच. मात्र हेलियमचा शोध विजयदुर्गावरून लागला, या कथेत दोन गोष्टींची सरमिसळ होते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून गेली. ते ग्रहण पाहण्यासाठीचे म्हणून विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. त्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरला निरीक्षणं घेतली. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांना सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिसली, तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. लॉकियर स्वतः विजयदुर्गावर होते असं सांगितलं जातं, ते या तारखांशी जुळत नाही. किल्ल्याचं महत्त्व त्याने कमी होत नाही, पण मुलांना सांगताना नीट सांगावं.

कुंडाच्या दृष्टीने १८९५ हे साल जास्त महत्त्वाचं. त्या वर्षी विल्यम रॅमसे यांनी पृथ्वीवर पहिल्यांदा हेलियम वेगळा केला, तोही युरेनियमच्या एका खनिजातून. युरेनियमचा अणू क्षय पावत शिसं होईपर्यंत ८ अल्फा कण बाहेर टाकतो, आणि प्रत्येक अल्फा कण म्हणजे हेलियमचं केंद्रक. आपल्या कुंडांतला हेलियमही खालच्या ग्रॅनाइटात असाच तयार होतो. हवेत तो दशलक्ष भागांत जेमतेम ५ भाग असतो. बुडबुड्यांत त्याच्या कितीतरी पट सापडला तर पाणी जुन्या खडकात दीर्घकाळ मुरलं होतं, असं समजावं. पश्चिम बंगालमधल्या बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांवर हेलियम गोळा करण्याचं काम झालं आहे.

६. गंधकाचा वास येतो, म्हणजे पाण्यात गंधक भरपूर आहे का?

वासावरून प्रमाण ठरवू नका. सडक्या अंड्यासारखा तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि आपलं नाक या वायूच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे. हवेच्या एक कोटी भागांत एखादा भाग असला तरी तो जाणवतो. पाण्यातला बहुतेक गंधक सल्फेटच्या रूपात असतो आणि त्याला वास नसतो.

चांदीची अंगठी किंवा पैंजण घालून कुंडात उतरल्यास ते काळवंडतात, ते याच सल्फाइडमुळे. उन्हवऱ्याला एका आजींनी मला त्यांची जोडवी दाखवली होती. बोटाला टेकलेली आतली बाजू पांढरी, बाहेरची निळसर काळी. चांदी झिजलेली नसते, वर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसलेला असतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यात गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घालून दागिना बुडवला की थर निघतो. खडे बसवलेल्या दागिन्यांवर हा प्रयोग करू नका.

७. काही कुंडांचं पाणी मचूळ-खारट लागतं. समुद्राचं पाणी शिरतं का?

काही ठिकाणी थोडा अंश समुद्राचा असू शकतो, पण आजच्या भरतीचं पाणी थेट आत येतं असं नव्हे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. आपल्या खारट कुंडांत त्याच्या तुलनेत फारच कमी. शिवाय समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम लिटरला जवळपास १,३०० मिलिग्रॅम असतं आणि गरम कुंडांत ते जवळजवळ नसतंच.

इथे एक फसवी जागा आहे. मॅग्नेशियम नाही म्हणून समुद्राचा काही संबंध नाही, असा निष्कर्ष काढू नका. गरम बेसाल्ट खाऱ्या पाण्यातलं मॅग्नेशियम शोषून चिकणमातीच्या खनिजांत अडकवतो आणि बदल्यात कॅल्शियम सोडतो. म्हणजे समुद्राचं पाणी खडकात मुरलं तर त्याची ओळखच बदलते. अशा वेळी ब्रोमाइड कामी येतं, कारण खडक त्याला फारसा हात लावत नाही. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड ब्रोमाइडच्या सुमारे २९० पट असतं. कुंडातही प्रमाण तसंच असेल तर खारेपणाचं मूळ समुद्रात आहे. पण किनाऱ्यावरच्या पावसातही समुद्राचं मीठ असतं, त्यामुळे एवढ्या एका आकड्यावर निकाल देऊ नये.

८. हे पाणी प्यायलं तर चालेल का?

रोज पिऊ नका. मुख्य कारण फ्लोराइड. ग्रॅनाइटातल्या खनिजांतून ते पाण्यात उतरतं, आणि कोकणातल्या काही कुंडांत त्याचं प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असतं. भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त १.५. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं की आधी मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडं धरतात.

‘आम्ही उकळून पितो’ असं बरेच जण सांगतात. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे ते थोडं वाढतंच. तीर्थ म्हणून घोटभर घेतल्याने बिघडणार नाही. मात्र घोट उगमाचा घ्यावा, माणसं अंघोळ करतात त्या टाकीतला नको.

९. कुंडात अंडं किंवा भात शिजतो का?

उन्हवऱ्याच्या पाण्यात अंडं होतं, पण घरच्यासारखं नाही. ७० अंशांना पिवळा बलक घट्ट होतो आणि पांढरा भाग मात्र सैल राहतो, कारण त्यातल्या मुख्य प्रथिनाला गोठायला ८० अंशांच्या आसपास तापमान लागतं. तांदळाची पुरचुंडी सोडली तर तांदूळ फुगतात, पण भातात कणी राहते. ५० अंशांच्या कुंडात दोन्ही सोडू नका. तिथे काहीच शिजत नाही, फक्त पाणी घाण होतं.

१०. त्वचारोग आणि सांधेदुखी बरी होते, हे खरं का?

उबेने स्नायू सैल पडतात, आखडलेले सांधे तासभर मोकळे होतात. हे खरं आहे आणि वयस्कर माणसांना त्याचा मोठा आधार वाटतो. पाण्यातला गंधक त्वचारोग मुळापासून घालवतो, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याचं प्रमाण फार कमी असतं (प्रश्न ६).

काळजी घेण्याच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या. उघडी जखम किंवा खरूज असेल तर सामाईक टाकीत उतरू नका. ४० अंशांच्या वरच्या पाण्यात दहा मिनिटं पुरे. हृदयविकार, रक्तदाबाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. लहान मुलांना उगमाजवळ सोडू नका. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

आणखी एक. कोमट गोड्या पाण्यात जगभर ‘नेग्लेरिया’ नावाचा अमीबा राहू शकतो. नाकावाटे आत गेला तर मेंदूला होणारा संसर्ग बहुधा प्राणघातक ठरतो. असं क्वचितच घडतं, आणि पाणी प्यायल्याने हा रोग होत नाही. तरीही कुंडात डुबकी मारू नका, डोकं वरच ठेवा.

११. पावसाळ्यात कुंड थंड का पडतं?

वरच्या थरातलं पावसाचं पाणी मिसळतं म्हणून. नदीपात्रातली कुंडं तर पुराखालीच जातात. खालचा झरा त्या वेळीही तेवढाच गरम असतो. पाण्याची तपासणी करायची असेल तर एप्रिल-मेमध्ये करा. पावसाळ्यातल्या नमुन्यावरून काढलेले अंदाज हमखास चुकतात (का, ते प्रश्न १२ मध्ये).

१२. खाली पाणी किती गरम आहे, हे वरून कसं कळतं?

पाण्यात विरघळलेल्या सिलिकावरून. सिलिका म्हणजे गारगोटी ज्याची असते ते. पाणी जितकं गरम तितकी ती जास्त विरघळते, आणि पाणी वर येऊन निवलं तरी लगेच बाहेर पडत नाही. म्हणजे खालच्या तापमानाची नोंद पाण्यासोबत वर येते. सोडियम आणि पोटॅशियमच्या गुणोत्तरावरूनही असा हिशोब करता येतो. कोकणातल्या झऱ्यांसाठी या पद्धतींनी साधारण १०० ते १५० अंशांच्या दरम्यानचे आकडे येतात.

थंड पाणी मिसळलं की सिलिका पातळ होते आणि हिशोबात खालचं तापमान आहे त्यापेक्षा कमी दिसतं. गुणोत्तरावर याचा परिणाम कमी होतो, म्हणून दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून बघावे लागतात. ते जुळले नाहीत तर आधी भेसळीचा संशय घ्यावा.

१३. मणिकरण, पुगा इथले झरे आणि आपले, यांत फरक काय?

वायूचा. हिमालयातल्या अनेक गरम झऱ्यांत कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. दोन भूखंडांच्या टकरीत खोल गाडले गेलेले चुनखडीसारखे खडक तापून तो सुटतो. त्यामुळे तिथलं पाणी बाहेर येताच चुन्याची पुटं चढवतं. आपल्याकडे असा वायू नगण्य, पाणी किंचित अल्कधर्मी आणि पुटंही नाहीत. वितळलेल्या खडकातूनही हा वायू सुटतो, म्हणून कोकणाखाली वितळलेला खडक नसावा, याचा हाही एक पुरावा. लडाखात पुगाला पाणी ८४-८५ अंशांनाच उकळतं, कारण ती जागा सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे.

१४. आमच्या पाणवठ्यावर लाल गाळ आणि तेलासारखा तवंग येतो. खाली तेल आहे का?

जांभ्याच्या मुलखात हे सर्रास दिसतं, आणि हा झरा थंड पाण्याचा असतो. काडीने तवंग हलवून बघा. काचेच्या तुकड्यांसारखा फुटला आणि तुकडे वेगळेच राहिले, तर ते लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम. काडीमागे ओढला जाऊन परत एक झाला, तर ते खरं तेल. बहुधा पंपाचं डिझेल सांडलेलं असतं. लाल गाळ म्हणजे हवा लागून गंजलेलं लोह. त्याने अपाय होत नाही, पण कपडे पिवळे पडतात.

१५. कुंडातल्या वायूने गुदमरायला होईल का?

उघड्या कुंडावर नाही. बंद, खिडकी नसलेल्या न्हाणीत गरम पाणी सोडलेलं असेल तर दार उघडं ठेवा. हायड्रोजन सल्फाइड खूप वाढला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. वास गेला म्हणजे धोका टळला, असं समजू नका.

खरा धोका जुन्या, वापरात नसलेल्या विहिरींचा. तिथे ऑक्सिजन कमी झालेली हवा किंवा कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. गाळ काढायला उतरलेला एक माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. कंदील सोडून बघणं भरवशाचं नाही. विषारी वायू असला तरी कंदील जळत राहतो, आणि खाली मिथेन असेल तर भडका उडतो. कमरेला दोर न बांधता आणि हवा तपासल्याशिवाय कोणीही उतरू नये. वरच्या माणसांनी दोर ओढायचा, मागोमाग उतरायचं नाही.

१६. कोयनेच्या भूकंपांचा या झऱ्यांशी संबंध आहे का?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप झाला ती जागा घाटमाथ्याच्या पलीकडेच आहे. तिथल्या खोल विंधनांत सुमारे ९३० ते १,२५० मीटर बेसाल्टखाली ग्रॅनाइट लागला. म्हणजे बेसाल्टखालच्या ज्या जुन्या खडकाबद्दल आपण बोलतोय तो तिथे हाती आला. भूकंपाने भेगा उघडतात किंवा बुजतात, त्यामुळे झऱ्याचा प्रवाह, तापमान किंवा वायू बदलू शकतो. पण कुंड अचानक गढूळ झालं म्हणून भूकंप येणार, असा निष्कर्ष निघत नाही. शेजारी नवी बोअरवेल पडली आहे का, हे आधी बघा. कुंड गढूळ व्हायला किंवा त्याची धार बारीक व्हायला तेवढंही पुरतं.

१७. राजापूरची गंगा याच प्रकारातली का? ती मध्येच येते आणि जाते, ते कसं?

नाही, ती वेगळी. उन्हाळे गावातलं गरम कुंड बारमाही आहे. त्याच्याजवळच्या चौदा कुंडांत गंगा साधारण तीन वर्षांनी येते, काही काळ राहते आणि जाते. कधी लवकर येते, कधी उशिरा. चौदा कुंडांचं पाणी एकाच तापमानाचं नसतं. त्यावरून वाटतं की तिथे खालचं गरम आणि वरचं थंड पाणी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळत असावं.

पुस्तकांत वक्रनलिकेचं (सायफनचं) स्पष्टीकरण देतात. खडकातली पोकळी भरत जाते, पाणी नळीच्या बाकापर्यंत चढलं की सगळं ओढलं जातं आणि पोकळी रिकामी होते. असे झरे जगात आहेत, पण बहुधा चुनखडीच्या गुहांत, आणि ते काही मिनिटांनी किंवा तासांनी वाहतात. जांभा आणि बेसाल्टच्या मुलखात, वर्षांच्या अंतराने आणि अनियमितपणे येणाऱ्या पाण्याला एकटी वक्रनलिका पुरी पडत नाही, असं माझं मत आहे. अनेक पावसाळ्यांत हळूहळू चढणारी भूजलाची पातळी एका विशिष्ट उंबरठ्याला पोचते तेव्हा कुंडं वाहू लागतात, हे मला जास्त पटतं. ते तपासायचं तर आसपासच्या विहिरींची पातळी दर महिन्याला लिहिलेली हवी. गंगा आल्याची बातमी कानावर आली तर पहिल्याच दिवशी थर्मामीटर घेऊन जा. काशीकुंडासह चौदाही कुंडांचं तापमान घ्या, त्याच दिवशी उन्हाळे गावातल्या गरम कुंडाचं घ्या, आणि सगळ्यात जवळच्या विहिरीचं पाणी काठापासून किती हातांवर आहे तेही लिहून ठेवा.